आईच्या गोळ्या आणि बाकीचा जप्त माल

५ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तू माझा नंबर अडवून ठेवलास त्याला चार वर्षं झाली. ईमेल वाचतोस की न वाचता पुसतोस ते कळायला मार्ग नाही. रविवारी आईच्या फोनवर मी नुसतं ‘हॅलो’ म्हटलं की तुझ्याकडची लाइन जाते. दर रविवारी, न चुकता. तिकडचं नेटवर्क इतकं वक्तशीर असेल असं वाटलं नव्हतं. म्हणून हा कागद. कुरिअरवाले म्हणतात चार दिवसांत पोचतं, आणि घेणाऱ्याची सही इकडे फोनवर दिसते.

आई म्हणाली, तू वीस मार्चला येतोयस. एकटाच. त्याबद्दलच लिहायचं होतं. बहीण म्हणून नको असेल तर खात्याकडून आलंय असं समज.

आमच्या मोठ्या साहेबांनी माझ्या गळ्यात एक काम घातलंय. विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळ नवा फलक लावायचा आहे: ‘नकली माल आणू नका’. दहा ओळी, भाषा सौम्य. सव्वीस वर्षं कस्टम्सच्या टेबलामागे उभं राहून माझी भाषा जितकी सौम्य झाली तितकी झाली. पहिला मसुदा वाचून साहेब म्हणाले, “मॅडम, हे वाचून लोक परत विमानात जाऊन बसतील.” म्हटलं, मग काम झालं की!

पण तुला फलकापेक्षा मोकळेपणाने सांगते. जेवणाच्या पैशात मिळणारं भारी घड्याळ हे भारी घड्याळ नसतं. हे लोकांना कळतं. दुकानात कळतं, विमानात कळतं, फक्त माझ्या टेबलापाशी आल्यावर कळेनासं होतं. परवा एका गृहस्थाच्या बॅगेत एकाच कंपनीची चाळीस घड्याळं निघाली. “एवढी कशाला?” “घरात सगळेच उशिरा उठतात हो.” एका बाईंकडे अत्तराच्या बाटल्या. एक उघडली तर संडास धुतल्यासारखा वास. त्या म्हणाल्या, “प्रवासात उतरला असेल.” मग रडारड, मग ओळखी सांगणं, मग माल सोडून देत असल्याच्या कागदावर सही. महिन्याच्या शेवटी सगळं यंत्रात घालून चिंध्या करतो. दोन साक्षीदार लागतात. बहुतेक वेळा मी आणि आमचा चष्मेवाला इन्स्पेक्टर. कुणाच्या तरी साखरपुड्याची, वाढदिवसाची, नव्या नोकरीची मजा आम्ही दोघे उभ्याने दळून घेतो.

तर येताना काही आणू नकोस. बूट नकोत, गॉगल नकोत, अत्तर नको. आईच्या गोळ्याही नकोत, त्यांचं इथे बघता येईल.

आणि तू अजून त्या बॅगेपाशीच अडून बसला असशील, तर तेही बोलून टाकू. मी जे म्हणाले ते बरोबर होतं. चेनच्या टोकाला शिलाई तीनदा फिरवलेली होती, कडीचा मुलामा नखाने निघत होता. रांगेत सगळे सारखे. उद्या मी माझ्या भावजयीला सोडलं तर परवा कुणाला अडवू?

आई बरी आहे. मधूनमधून चक्कर येते, वयाचं आहे.

ताई


१४ फेब्रुवारी

धाकट्या,

नऊ तारखेची तुझी सही दिसली. अजून ती शेवटी शेपटी ओढतोस, शाळेत मार खायचास त्यासाठी. उत्तर आलं नाही. मला काही घाई नव्हती, आता आहे.

मागच्या पत्रात आई बरी आहे असं लिहिलं. ते खोटं होतं. तीस जानेवारीला ती न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, कपाळाला खोक पडली. रक्तदाबाचा वरचा आकडा दोनशे दहा. डॉक्टरांनी विचारलं, “आजी, गोळी नियमित घेता ना?” कपाळाला पट्टी बांधलेली, तरी आईची मान ताठ. “एक दिवस चुकली नाही. मुलगा पाठवतो. तिकडच्या आहेत.” ‘तिकडच्या’ हा शब्द ती कसा उच्चारते तुला माहीत आहे. डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली. आठ दिवसांनी पाहिलं, तर आकडा तिथेच.

तेव्हा त्यांनी गोळ्यांची पट्टी मागून घेतली. उलटी केली, उजेडात धरली. बाहेर येऊन माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “तुम्ही कस्टम्समध्ये ना? तुम्हीच बघा.”

धाकट्या, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मालखान्यात बसून भिंगाखाली पाहिलं. पट्टीवरचा नंबर मागच्या चांदीच्या कागदात दाबून उठवलेला असायला हवा, तो वरून छापलेला होता. बोट ओलं करून घासलं तर पुसट झाला. खोक्याचा कान गोंदाने चिकटवलेला, तोही एका बाजूला जास्त. मग घरी येऊन आईचा शिलाईचा खण उघडला. तुझे रिकामे खोके ती फेकत नाही. एकात बटणं, एकात हुक, एकात सुया. सहा वर्षांतले अकरा खोके मिळाले. अकराही खोक्यांवर बॅच नंबर एकच. मुदत संपण्याची तारीख मात्र दर खोक्यावर वेगळी, नवी, ताजी. असा माल पकडायला मला भिंग लागत नाही. आमच्याकडे नव्याने आलेली पोरं हे पहिल्या आठवड्यात शिकतात.

आता तू विचारशील, मग सहा वर्षं तू काय करत होतीस? विचार. पहिल्या वर्षी तू स्वतः आणल्यास, तेव्हा मीच म्हटलं, आईचं औषध आहे, जा. नंतर तुझा तो इंजिनियर मित्र वर्षातून दोनदा पार्सल घेऊन यायचा. टेबलाशी येऊन सांगायचा, “मॅडमच्या आईचं औषध.” आमच्यातला कुणीही खडूची खूण करायचा आणि पार्सल बाहेर. मी ड्युटीवर असले तर मीही. लोकांच्या पोरांच्या बुटांचे तळवे मी फाडून पाहिले. माझ्या आईच्या तोंडात काय जातंय ते उघडून पाहिलं नाही.

नमुना सरकारी प्रयोगशाळेला दिलाय. मालकाच्या रकान्यात ‘बेवारस’ लिहिलं. तुझं नाव लिहायला हात झाला नाही.

कुठून घेतल्यास रे?

ताई


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

प्रयोगशाळेचा कागद आला. पिष्ट, खडूची भुकटी, थोडंसं डोकेदुखीचं औषध. रक्तदाबाच्या औषधाचा मागमूस नाही. डोकेदुखीचं कशाला घातलं असेल? म्हणजे निदान घेतल्यावर काहीतरी बरं वाटावं. फसवणाऱ्यालाही गिऱ्हाइकाची काळजी असते.

त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. सरळ सांगितलं, कागद दाखवला, चष्मा आणून दिला. तिने कागद वाचलाच नाही. घडी घालून माझ्याकडे परत दिला.

“तुला त्याचं काही चांगलं बघवत नाही,” म्हणाली.

“आई, खडू आहे त्यात. सरकारी शिक्का आहे बघ.”

“शिक्के तुझ्याच खात्याचे. त्याच्या बायकोच्या बॅगेलाही असंच म्हणालीस. पोर चार वर्षं घरात आलं नाही.”

“बॅग खोटीच होती.”

“असेल. म्हणून चारचौघांत?”

मी कागद पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, खडू असेल तर इथल्या गोळ्यांत असेल, इथलं सगळं भेसळीचं. दुकानातून आणलेल्या नव्या पट्टीला तिने हातही लावला नाही. मी उठून गेले की तुझ्या खोक्यातली काढून घेते, दोन दोन. डॉक्टरांनी दुप्पट सांगितलंय ना!

आता पुढचं ऐक आणि हस हवं तर. मी काय केलं? खऱ्या गोळ्या काढल्या. तुझ्या पट्टीतल्या खोट्या, मागची चांदी ब्लेडने अलगद उचलून बाहेर काढल्या. त्या जागी खऱ्या घातल्या आणि चांदी गोंदाने बसवली. रविवारची सगळी दुपार गेली. चाळीस गोळ्या. कान एका बाजूला जास्त चिकटवायलाही विसरले नाही, सवय. आयुष्यभर ज्यांना पकडलं त्यांच्यापेक्षा माझं काम सुबक झालं होतं.

आईने पहिलीच गोळी जिभेवर ठेवली आणि थुंकली.

“ही त्याची नाही.”

“त्याच्याच खोक्यातली आहे की.”

“त्याची गुळगुळीत असते, गोडसर. ही कडू. तू काहीतरी केलंयस.” आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी टेबलामागून लोकांकडे बघते.

तेव्हापासून ती तुझा दुसरा, न फोडलेला खोका उशाखाली ठेवते. ओरिजिनल.

माझं कुणी ऐकत नाही. डॉक्टरांचं ऐकत नाही, कारण डॉक्टरांना मी आणलं. तुझा इंजिनियर मित्र म्हणाला, “ताई, तुमच्या घरातल्या भानगडीत मला ओढू नका.” आता फक्त तू सांगितलंस तर ती ऐकेल. रविवारच्या फोनवर एक वाक्य: आई, त्या गोळ्या फेकून दे. बस. माझ्याशी बोलू नकोस. मी खोलीत थांबणारही नाही.

फलकाचं म्हणशील तर मी त्यात औषधांची एक ओळ घातली होती. साहेबांनी काढली. “मॅडम, लोक औषधं प्रेमाने आणतात.” मी म्हटलं, म्हणूनच.

ताई


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

रविवारी तू फोन केलास. आईशी सतरा मिनिटं बोललास. हवा, तुझी खोकला झालेली मांजर, शेजाऱ्याची गाडी. गोळ्यांचा ‘ग’ नाही. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तेच ते दोन कपडे पुन्हा पुन्हा.

मागच्या पत्राची सही तुझी नव्हती, तुझ्या बायकोची होती. म्हणजे हेही कदाचित तीच उघडेल. तर वहिनी, तू वाचत असलीस तर पुढचं तुझ्यासाठी आहे.

त्या दिवशी टेबलावर मी तुझी बॅग उघडली आणि म्हटलं, “ही नकली आहे, कागद भरावा लागेल.” तुझ्यामागे बारा-पंधरा लोक होते. तू म्हणालीस, “नाही हो ताई, यांनी लग्नाच्या वाढदिवसाला दिलीय.” मी म्हटलं, “त्याला विचार.” आणि शिलाईचा फोटो घ्यायला लागले. तुझ्या तोंडाकडे मी पाहिलं नाही. मी चेनकडे पाहत होते. चार वर्षं मला वाटत होतं, हे दोघे एका पिशवीवरून एवढे कसे चिडले. तू ती खरी समजूनच हातात धरली होतीस, हे मला मागच्या आठवड्यात कळलं. प्रयोगशाळेचा कागद घेऊन बसमध्ये बसले होते तेव्हा. कस्टम्समधल्या बाईला एवढं कळायला चार वर्षं लागली. तुला अडवणं माझं काम होतं. बाजूच्या खोलीत नेऊन, दार लावून, खुर्ची देऊन अडवता आलं असतं. ती खोली त्यासाठीच आहे. मी वापरली नाही. माझी चूक झाली.

आता धाकट्या, तुला. पावती मिळणाऱ्या दुकानातून घेतलं असतंस तर तो खोका तसा निघाला नसता. टपरीवरून घेतलास, आणि सहा वर्षं तिथूनच घेत राहिलास. हौस म्हणून कुणी आईची गोळी टपरीवरून घेत नाही. तिकडे तुझं बरं चाललेलं नाही, फार दिवसांपासून. बरोबर ना? तू ते आम्हाला सांगितलं नाहीस, बायकोलाही उशिरा सांगितलं असशील. तू खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘आईसाठी’ लिहून पाठवत राहिलास. मी तुला त्यासाठी बोल लावत नाहीये. मी नकली मालाच्या पाठीमागे उभी असलेली माणसं सव्वीस वर्षं बघतेय. विकणारे वेगळे, पण आणणारे बहुतेक तुझ्यासारखेच असतात. घरी रिकाम्या हाताने जायची लाज वाटते म्हणून आणतात.

पण आता तुझी लाज आईला महाग पडतेय. काल सकाळी साडेनऊला चहा पिता पिता तिच्या तोंडातून शब्द वाकडे यायला लागले. कप तिरका झाला. मला ‘ताई’ म्हणाली, लहानपणी तू म्हणायचास तसं. दहा मिनिटांनी आपोआप ठीक झालं. दवाखान्यात दिवसभर ठेवलं, सलाइनमधून औषध दिलं. तिथे तिने विचारलं नाही कुठलं आहे म्हणून. डॉक्टर म्हणाले, “असा झटका पुन्हा येऊ शकतो, आणि तो दहा मिनिटांत जाईलच असं नाही. गोळी चालू करा.” घरी आल्यावर तिने हात उशाखाली घातला.

तो खोका मी हिसकावून घेऊ शकते. घेतलाही एकदा. ती दोन दिवस जेवली नाही.

साहेबांना सगळं लिहून दिलं, सहा वर्षांच्या पार्सलांसकट. मला मेमो मिळाला. चष्मेवाला म्हणाला, “मॅडम, स्वतःविरुद्ध तक्रार करणारी तुम्ही पहिलीच.” मेमोचा एक फायदा झाला. साहेबांनी औषधांची ओळ फलकावर परत घेतली. आता तिथे लिहिलंय: घरच्यांसाठी औषध आणत असाल तर दुकानाची पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा, कुणीही दिलं, कितीही जवळचं असलं तरी, न पाहता आणू नका, न पाहता सोडू नका. शेवटचे चार शब्द प्रवाशांसाठी नाहीत. साहेबांच्या ते लक्षात आलं नाही.

हे पत्र मिळालं की रविवारची वाट पाहू नकोस.

ताई


९ मार्च

धाकट्या,

बुधवारी सकाळी फोन केलास तेव्हा मी दारात उभी होते, चपला घालून. आईने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, तिला तसाच ऐकू येतो. तुला वाटलं असेल ती एकटी आहे. सगळं ऐकलं, ही माझी आणखी एक चोरी.

तू म्हणालास, “आई, त्या गोळ्या खोट्या आहेत. मला दुसऱ्या वर्षापासून शंका होती. विचारलं नाही कुणाला. नोकरी गेली होती.” एवढं बोललास आणि नाक ओढलंस. आई म्हणाली, “जेवलास का?” तू म्हणालास, “इथे रात्र आहे, आई.” ती म्हणाली, “मग झोप.” आणि ठेवून दिलास.

त्यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून लिहितेय.

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मी चपला काढल्या. ऑफिसला उशीर होणार म्हणून फोन केला. मग ती वळली आणि सगळं माझ्यावर आलं.

“पोराला रडवलंस.”

“मी?”

“नाहीतर कोण? पत्रं कोण पाठवत होतं? सहा वर्षं खाल्ल्या मी त्या. मेले का?”

“पडलीस.”

“पडतं माणूस. तो चार वर्षं मनात घेऊन बसला, त्याचं काय?” मग, “नोकरी गेली तेव्हा एकटाच होतास का रे तिकडे?” मला ‘रे’ म्हणाली. माझ्याशी बोलत नव्हती.

मग उशाखालचा खोका काढला आणि माझ्या मांडीवर टाकला. मी दुकानातली पट्टी पुढे केली. तिने एक गोळी घेतली, पाण्याबरोबर गिळली, तोंड वेडंवाकडं केलं.

“कडू आहे.”

“खरी आहे.”

“तुझ्यावर गेलीय.”

तेव्हापासून रोज घेते. रोज मला ऐकवून घेते. आजचा वरचा आकडा एकशे अठ्ठावन्न. डॉक्टर खूश आहेत, आई माझ्यावर नाराज आहे. मला हे परवडतं.

तिने एक अट घातलीय. तू आलास की गोळ्यांवरून मी एक अक्षर बोलायचं नाही. मी कबूल केलं. तूही विषय काढू नकोस. ती ऐकून न ऐकल्यासारखं करेल आणि तुला उगाच वाटेल की तिला कळलंच नाही. तिला सगळं कळलंय. तुझ्या नोकरीचं ती मला रोज विचारते, जणू मीच ती घालवली.

वीस तारखेला माझी ड्युटी टेबलावर होती. बदलून घेतली. टेबलाशी चष्मेवाला असेल. त्याला तुझा फोटो दाखवलेला नाही, तू कोण ते सांगितलेलं नाही. बॅग उघडायची की नाही ते तो ठरवेल. उघडली तर उघडू दे, तू पाठीमागच्या भिंतीकडे बघत उभा राहा, दोन मिनिटांत सोडतो.

आणि मी बाहेर असेन. कठड्याच्या पलीकडे, जिथे बाकीच्यांच्या घरचे उभे असतात तिथे. सव्वीस वर्षं मी माणसांना त्या दाराकडे पाठवतेय. आत ती घाबरलेली, खोटं बोलणारी, घामेजलेली असतात, ते मला पाठ आहे. दारातून बाहेर पडल्यावर त्यांचं तोंड कसं होतं, ते मी कधी पाहिलेलं नाही. तुझं बघेन म्हणते.

ताई